बंडीचा प्रश्न

इंद्रभान वकिलाला एका गोष्टीचा फार अभिमान होता. शब्द जसा बोलला तसाच लिहायचा. कोर्टात साक्षीदार 'सोटा' म्हणाला तर कागदावर सोटाच आला पाहिजे, काठी नाही. काठी लिहिली की समोरचा वकील विचारतो, कोणती काठी, कशाची काठी, आणि मारणारा मिशांना पीळ देत घरी जातो. या सवयीनं त्यानं वाशीमच्या कोर्टात बरेच खटले जिंकले होते. आणि याच सवयीनं इंग्रजांच्या काळातल्या नागपूरच्या कौन्सिलात त्याची शोभा झाली.

प्रकरण होतं बंडीचं. ओझं वाहणाऱ्या बैलगाडीला वऱ्हाडात बंडी म्हणतात. हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगितलं तर तो आपल्याकडे काळजीनं बघेल, पण सगळी गोष्ट याच एका शब्दाची आहे, म्हणून सांगणं भाग आहे. शिरपूरकडून वाशीमच्या कापूसबाजारात येणाऱ्या वाटेवर तेव्हा एक नाका होता. आत शिरणाऱ्या दर बंडीला पट्टी द्यावी लागे. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती दुसऱ्या पट्टीची. सूर्य कलला की बाजार बंद व्हायचा, आणि ज्यांचा कापूस मोजायचा राहिला त्यांच्या बंड्या नाक्याबाहेर हाकलल्या जायच्या. सकाळी पुन्हा आत यायचं तर पुन्हा पट्टी. आता कापूस मोजायचा राहायचा का, तर काटा मुंगीच्या पावलानं चालायचा, आणि काटेवाला नि नाक्याचा ठेकेदार एकाच ताटात जेवायचे. सरकारनं नाका एकदा ठेक्यानं देऊन टाकला होता, तिकडं पुन्हा वळून पाहिलं नव्हतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

इंद्रभान कौन्सिलात निवडून गेला तो याच पट्टीवर. म्हणजे खरं तर त्याला त्याच्या मामीनं, गोजराबाईनं, निवडून दिलं. मामा गेल्यापासून शिरपूरची शेती गोजराबाईच पाहत होती. शिकत असताना इंद्रभान, तिचा बापू, तिच्याच हातची भाकर खाऊन वाढला होता. निवडणुकीत तिनं स्वतःच्या दोन बंड्या जुंपून गावोगावचे मतदार आणले. "बापूले मत द्या," ती सांगत फिरली, "बापू सरकारले इचारते."

विचारायची वेळ आता आली होती. माघ संपत आला होता, कौन्सिलाची बैठक भरणार होती आणि इंद्रभानाचा प्रश्न दाखल झाला होता. निघायच्या आदल्या दिवशी तो शिरपूरला गेला. गोजराबाई अंगणात बंडीत कापूस भरून घेत होती. शेवटच्या वेचणीचा कापूस, शेजाऱ्यांच्याही बंड्या सोबत निघायच्या होत्या.

"मामी, कौन्सिलात मंत्र्यानं तोंड उघडलं का ते छापून येते," इंद्रभान म्हणाला. "दुसरी पट्टी गैर हाय असं एकदा त्यानं म्हटलं, का मंग ठेकेदाराले ती घेता येत नाई. मी येतवर कोनी दुसरी पट्टी देऊ नोका."

"अन् बंड्या?"

"नाक्यापाशी उभ्या राहू द्या."

गोजराबाईनं हातातला कापूस बंडीत टाकला आणि त्याच्याकडे पाहिलं. "बैल उभे राह्यतीन. कापूस उभा राह्यीन. तुहा मंत्री उभा राह्यते काय?"

"त्याले उभं राहाच लागते, मामी. इचारलं का उभं राहून जबाब देनं, हा कायदाच हाय."

"मंग जाय तू. आमी तू येतवर पट्टी देत नाई." तिनं एवढंच म्हटलं आणि गड्याला हाक मारली. इंद्रभानाच्या छातीवर मात्र त्या क्षणी एक धोंडा बसला. मामी दिलेला शब्द मोडत नसे, आणि तिच्या शब्दामागं सगळ्या शिरपूरच्या बंड्या उभ्या राहणार होत्या.

नागपूरला प्रश्नाच्या तासाला सरकारी बाकांवरची मंडळी कशी बसतात हे ज्यानं पाहिलं नाही, त्यानं लग्नातले वरपक्षाचे लोक आठवावेत. काहीही विचारा, त्यांना ते आत्ताच कळलेलं असतं. त्या दिवशी विरोधी बाकांवरून एकानं विचारलं, गिरण्यांवरचा कर वाढवल्यानं किती जिनिंग कारखाने बंद पडले? मंत्री म्हणाले, माहिती गोळा केली जात आहे. दुसऱ्यानं विचारलं, गेल्या वर्षीही हेच उत्तर होतं, ती माहिती गोळा झाली का? मंत्री म्हणाले, ती गोळा होत असतानाच ही गोळा केली जात आहे. इंद्रभान आतल्या आत धुमसत होता. आपला प्रश्न असा वाऱ्यावर सुटणारा नाही, असं तो मनाला सांगत होता. गाव, नाका, नाक्याच्या पाटीवरचा शब्द, सगळं त्यात नेमकं होतं.

मग त्यानं छापील कागद उलटला आणि त्याला आपला प्रश्न 'तुरुंग' या मथळ्याखाली दिसला. छापणाऱ्याची चूक असेल, असं त्याला वाटलं. तोवर अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं होतं. तो उभा राहिला, प्रश्नाचा आकडा म्हणाला आणि खाली बसला. समोरून उठले ते तुरुंगखात्याचे साहेब.

"सरकारनं तारेनं चौकशी केली आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "वाशीमच्या कोणत्याही बंद्याकडून नाक्यावर पट्टी घेतली जात नाही, एकदाही नाही आणि दोनदाही नाही. कोणत्याही बंद्याला रात्रभर नाक्याबाहेर उभं ठेवलेलं नाही."

तेव्हा कुठं इंद्रभानाच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं, असं त्याला झालं. नाक्याच्या पाटीवर 'बंडी' असं लिहिलं होतं. गाडी लिहावं तर मंत्री विचारणार, कोणती गाडी? म्हणून त्यानं आपल्या सवयीप्रमाणं इंग्रजी प्रश्नातही 'बंडी' तसाच ठेवला होता, इंग्रजी अक्षरांत. आणि इंग्रजीत ड आणि द एकाच अक्षरानं लिहितात. त्याची बंडी टपालात कुठंतरी बंदी, म्हणजे कैदी झाली, आणि तिकडच्या कुणा हिंदी मुलखातल्या कारकुनानं ती इमानेइतबारे तुरुंगात पोहोचवली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

"अध्यक्षमहाराज," इंद्रभान उठून म्हणाला, "मी बंद्यांविषयी विचारलेलं नाही. बंडी म्हणजे बैलगाडी."

"सन्माननीय सभासदांनी प्रश्न विचारावा, शब्दाचा अर्थ सांगू नये."

"मग माझा पुरवणी प्रश्न आहे. वाशीमच्या नाक्यावर एका बैलगाडीकडून दोनदा पट्टी घेतात, हे सरकारला माहीत आहे का?"

"पुरवणी प्रश्न दिलेल्या उत्तरातूनच निघाला पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. "उत्तर बंद्यांविषयी आहे. त्यातून बैलगाडी निघत नाही."

नियम खराच तसा होता. वकील असल्यामुळं इंद्रभानाला तो पाठ होता, आणि म्हणूनच त्याला जास्त चीड आली. तो कराच्या खात्याच्या मंत्र्यांकडे वळला. ते दोन हातांच्या अंतरावर बसले होते आणि त्यांना सगळं कळलेलं होतं, हे त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी एका शब्दात सांगितलं की नोटीस हवी. नोटीस म्हणजे पुढची बैठक, पुढची बैठक म्हणजे पावसाळ्यानंतर. तोवर नाक्यावरच्या कापसाचं काय, हे विचारायला नियमात जागा नव्हती.

मग माणूस रागात करतो ते त्यानं केलं. "वाशीमचा एखादा बंदी बैल जुंपून चालतो का, हे साहेब सांगतील काय?"

"माझ्या माहितीप्रमाणे नाही," साहेब म्हणाले. सभागृह खदखदून हसलं. सरकारी बाकं हसली, विरोधी बाकं हसली, आणि त्याच्या शेजारी बसलेला जबलपूरचा सभासद, जो सकाळपासून त्याच्या बाजूनं बाक वाजवत होता, तो हळूच वाकून म्हणाला, "मगर वकीलसाहब, ये बंडी होती क्या है?"

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याच्या प्रश्नापुढं कंसात 'हशा' असा शब्द छापून आला. अकोल्याला गाडी बदलून वाशीमच्या गाडीत बसेपर्यंत इंद्रभान तो कागद उघडत होता आणि मिटत होता. मामीला काय सांगायचं, याचा विचार त्यानं केला नाही असं नाही. बैठक लांबली म्हणावं? मंत्री आजारी पडला म्हणावं? पण लहानपणी तिच्या घरी लोणच्याची बरणी फोडून तो खोटं बोलला होता, तेव्हा तिनं नुसतं त्याच्या हातांकडे पाहिलं होतं. ते पाहणं त्याला आठवलं आणि त्यानं तो विचार सोडून दिला.

वाशीमला उतरतो तर स्टेशनावरच बातमी कळली. दुसरी पट्टी न देता बंड्या रस्ता अडवून उभ्या आहेत म्हणून ठेकेदारानं फिर्याद दिली होती, आणि शिरपूरची सगळी मंडळी काल दुपारपासून कोठडीत होती. गोजराबाईला शिपाई घरी जा म्हणाले, तर ती म्हणाली, बंड्या माझ्या आहेत, आणि स्वतःच्या पायांनी आत जाऊन बसली.

इंद्रभान तसाच धावत गेला. हे काम त्याच्या हातातलं होतं. इथं मंत्री नव्हते, नोटीस नव्हती. त्यानं खटपट केली, जामीनदार उभे केले, आणि ऊन तापायच्या आत सगळ्यांना बाहेर काढलं. त्या चार दिवसांत पहिल्यांदाच आपण कुणाच्या उपयोगी पडलो, असं त्याला वाटलं.

गोजराबाई बाहेर आली, पदर झटकला आणि पहिलाच प्रश्न विचारला. "उभा राह्यला का रे तो मंत्री?"

"राह्यला, मामी."

"काय म्हने?"

इंद्रभानानं कोर्टात साक्ष द्यावी तसं सगळं सांगितलं. बंडी, बंदी, पुरवणी, नोटीस, हशा. गोजराबाईनं एकच गोष्ट पुन्हा विचारली. "बंद्याले पट्टी नाई, असं तो सोता म्हनला?"

"हो."

"छापून आलं?"

"हे काय, आलं."

"मंग झालं ना आपलं काम," ती म्हणाली. "आमी बंदीच तं होतो. चाल नाक्यावर."

इंद्रभानानं हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. मग त्यालाही हसू फुटलं. कायदा त्याच्यावर उलटला होता, आता तो ठेकेदारावर का उलटू नये? सरकारचा शब्द, सरकारच्या तोंडचा, छापलेला. तो तरातरा पुढं निघाला, मागं मामी, मागं शिरपूरची मंडळी. नाक्यावर बैल झाडाखाली बांधलेले होते आणि बंड्या होत्या तशा उभ्या होत्या. ठेकेदाराचा मुनशी धरमसिंग पाटीखाली बाजेवर बसला होता. इंद्रभानानं वर्तमानपत्र त्याच्यापुढं धरलं आणि उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं, मराठी करून, बंदी हा शब्द ठासून.

धरमसिंगानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर हाय," तो म्हणाला. "सरकारचा हुकूम डोक्यावर. बंद्याची पट्टी माफ." मग त्यानं मंडळींकडे एकदा नजर फिरवली. "पन वकीलसाहेब, बंदी कोनते?"

"हे काय. कालपासून कोठडीत होते."

"होते. आज सकायी या लोकायची जमानत झाली नवं का?"

शिरपूरची मंडळी इंद्रभानाकडे बघू लागली.

"कोनं केली जमानत?" धरमसिंगानं विचारलं. त्याला माहीत होतं. सगळ्या वाशीमला माहीत होतं.

इंद्रभानाला वाटलं की पाटी उपटावी, बाज उलथी करावी, त्या मुनशीच्या हातातलं पावतीपुस्तक विहिरीत फेकावं. चार दिवस तो प्रत्येक ठिकाणी कायद्यानं बरोबर होता, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच बरोबरपणानं त्याचं तोंड बंद केलं होतं. त्यानं मामीकडे पाहिलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती कापसाकडे बघत होती. वरचा थर धुळीनं मळला होता, आणि मळलेल्या कापसाला बाजारात कोण काय भाव देतो हे तिला सांगायला नको होतं.

तिनं कमरेची पिशवी सोडली, पैसे काढले आणि ते धरमसिंगाला न देता इंद्रभानाच्या हातावर ठेवले.

"तूच दे," ती म्हणाली. "सरकारदरबारचं तूच पायतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच त्याला सोसेना. नागपुरात जी पट्टी गैर आहे असं तो म्हणणार होता, तीच त्यानं आपल्या हातानं मोजून दिली. धरमसिंगानं जिभेनं बोट ओलं केलं, पावतीचा कागद उलटला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. इंद्रभानानं पावती घेतली. बैल जुंपता जुंपता गोजराबाईनं विचारलं, "बराबर लिव्हलं का त्यानं? पाय एकडाव."

इंद्रभानानं पाहिलं. कौन्सिलात ज्या शब्दाची बंदी होऊन बसली होती, तो धरमसिंगानं एकही अक्षर न चुकता लिहिला होता.

"बराबर हाय, मामी," तो म्हणाला. "बंडी."