एकहाती

"काकू, राग मानू नका, पण तुमच्या दुकानात वस्तू एका हाताच्या आणि पैसे द्यायला मात्र दोन हात लागतात. हा कुठला न्याय?"

फोनवरचा आवाज खणखणीत होता. मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला. बोलणाऱ्या बाई शाळेत भूगोल शिकवत. वर्षापूर्वी अपघातात त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला होता.

काकूंनी पेन्सिल उचलली. "नेमकं काय होतं ते सांगता का? सावकाश सांगा, मी लिहून घेते."

"लिहाच. कांदा चिरायची तुमची फळी मला हवी आहे. फळी निवडली, पत्ता टाकला, इथवर ठीक. मग कार्डाचा नंबर आला. सोळा आकडे! आता कार्ड धरू की फोन धरू? कार्ड टेबलावर ठेवलं, फोन मांडीवर घेतला, तर फोन घसरला. कसेबसे आकडे भरले, तर संदेशात आलेला कोड बघायला जावं लागतं. बघून परत येते तोवर 'वेळ संपली.' पाच वेळा केलं, काकू. पाच वेळा!"

"अहो, मला फोन केला असता तर मी तुमच्या वतीने..."

"तेच नकोय," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला. "माझ्या वतीने सगळं जगच करतंय सध्या. भावजय पण म्हणाली, आण इकडे, मी करते. नको म्हटलं. फळी कशासाठी घेतेय मी? माझं मी करता यावं म्हणूनच ना?"

फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. त्यांनी लिहिले होते: कार्ड. फोन. घसरला. वेळ संपली. पाच वेळा.

एकतीस वर्षे त्यांनी एका सरकारी कचेरीत टायपिंग केले. आधी यंत्रावर, मग संगणकावर. दुपारी खिडकी उघडी असली की त्यांची बोटे रस्त्यापर्यंत ऐकू येत, म्हणून गल्लीने त्यांचे नाव टकटककाकू ठेवले होते. निवृत्त झाल्या त्याच वर्षी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. तो सुतार. चांगला, नाव असलेला सुतार. झटक्याने उजवी बाजू गेली ती गेलीच. सहा महिने माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग एके सकाळी उठला आणि डाव्या हाताने लाकडाच्या एका तुकड्याला दोन खिळे उभे ठोकून बसला. त्या खिळ्यांवर कांदा रोवायचा म्हणजे तो हलत नाही आणि एका हाताने चिरता येतो. ती पहिली फळी. मग बरणी घट्ट धरणारा लाकडी चिमटा आला, गुंडी लावायचा आकडा आला, पुस्तक उघडे धरणारी चौकट आली. काकूंनी तयार साच्यातली एक वेबसाइट घेऊन त्यावर दुकान मांडले आणि नाव दिले 'एकहाती'.

लोक येत. वस्तू टोपलीत टाकत. आणि निघून जात.

सुतारकाका मनातून खचत चालले होते. गेले तीन आठवडे त्यांनी लाकूड तासायच्या रंधायंत्राला हात लावला नव्हता. "दुकान बघायला येतात लोक, घ्यायला नाही," ते म्हणत. "कोणाला नकोत माझ्या फळ्या." पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी एक गिऱ्हाईक ते यंत्र बघायला येणार होते. पसंत पडले तर घेऊन जाणार होते.

काकू कारखान्यात गेल्या. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली.

"अहो, आपल्या दुकानातून तुम्ही कधी काही विकत घेऊन पाहिलंत?"

"मी माझीच फळी विकत घेऊ? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"घेऊन तर बघा." त्यांनी फोन आणि कार्ड समोर ठेवले, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहिल्या. मदत करायचा मोह होऊ नये म्हणून.

काकांनी फोन कामाच्या टेबलावर ठेवला. आठव्या आकड्याला फोन फिरला. त्यांनी तो हनुवटीने दाबून धरला, तर कार्ड खाली पडले. वाकून उचलले. भुशात हात गेला होता, त्यामुळे पडद्यावर अंगठा उमटेना. शेवटी कोड आला, तो वाचून परत आले, आणि पडद्यावर दोन शब्द उमटले: वेळ संपली.

"हे दुकान ज्याने काढलं ना," काका धापा टाकत म्हणाले, "त्याला उलटा टांगला पाहिजे!"

"मीच काढलंय."

काका इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे बघा. फळ्या नको होत्या असं नाही. लोकांना दारापर्यंत आणलं आणि उंबरठा कमरेइतका उंच ठेवला. चूक तुमची नाही, माझी आहे."

उपाय त्यांना ठाऊक होता. बहुतेकांच्या फोनमध्ये मोबाईल वॉलेट असते. त्यात कार्ड एकदाच भरून ठेवायचे, पुढे फक्त अंगठा टेकवायचा. आकडे नाहीत, कोड नाही. ते वॉलेट आपल्या दुकानाच्या पैसे भरायच्या पानावर आणायचे, एवढेच काम. त्यांनी भूगोलाच्या बाईंना फोन केला.

"पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी तीनला आम्ही अकरा जण उपचार केंद्रात जमतो," बाई म्हणाल्या. "सगळे माझ्यासारखेच. कोणाचा हात गेलाय, कोणाचा नुसता लटकतोय. तोवर होईल?"

"होईल," काकू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी दिनदर्शिका पाहिली. हातात नऊ दिवस होते.

दूरच्या शहरात राहणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? माणूस लाव एखादा."

"माणूस म्हणतो महिन्याभराने बघू. आणि मी कोण आहे? माकड?"

वॉलेट कंपनीचा अर्ज त्यांनी एका बैठकीत भरला. तो परत आला. दुकानाचे नाव 'एकहाती' आणि बँकेतले खाते सुतारकामाच्या जुन्या नावाने, दोन्ही जुळत नव्हते. काकू बँकेत गेल्या, दाखला घेऊन आल्या, अर्ज पुन्हा पाठवला. मग कंपनीने सांगितले की वेबसाइट तुमचीच आहे हे सिद्ध करा, आम्ही देतो ती छोटी फाईल वेबसाइटच्या अमुक कप्प्यात नेऊन ठेवा. त्या कप्प्याचे नाव एका टिंबाने सुरू होत होते. काकूंनी ठेवली तरी कंपनीला ती सापडेना. दीड दिवस गेला. शेवटी लक्षात आले की वेबसाइटने ते टिंब गुपचूप गिळून टाकले होते. एकतीस वर्षे साहेबांनी खाल्लेली टिंबे शोधून देण्यात गेली होती. हेही सापडले.

पुढे चाचणीचा भाग आला. त्यात खोटे पैसे, खोटी खरेदी. पानावर वॉलेटचे काळे बटण उमटले तेव्हा काकूंनी काकांना हाक मारली. काकांनी अंगठा टेकवला. 'खरेदी पूर्ण.'

"झालं?" काकांना खरेच वाटेना.

"झालं."

"हा तर डाव्या हाताचा खेळ निघाला की गं!"

"तुमच्या डाव्या हाताचा," काकू म्हणाल्या. "माझे मात्र दोन्ही झिजले."

बुधवारी सकाळी त्यांनी चाचणी बंद करून खरा व्यवहार सुरू केला आणि स्वतः एक गुंडीचा आकडा विकत घेतला. फोन म्हणाला, पैसे गेले. दुकान म्हणाले, पैशांची वाट पाहत आहोत. काकू थांबल्या. दहा मिनिटे, अर्धा तास. दुकान वाटच पाहत होते. पुन्हा एक आकडा घेतला. पुन्हा तेच.

उद्या अकरा माणसे पैसे भरणार, आणि दुकान त्यांना सांगणार की तुमचे काहीच आले नाही. ज्यांनी हिंमत करून अंगठा टेकवला, त्यांची उलट फजिती.

वॉलेट कंपनीच्या मदत खात्यात एक तडफदार बाई होत्या. "आमच्याकडून सगळं बरोबर आहे, मॅडम. पैसे पोचले की आम्ही तुमच्या दुकानाला निरोप पाठवतो. तुमचं दुकान तो निरोप खोटा समजून फेकून देतंय."

"का पण?"

"निरोप खरा आहे हे ओळखायला एक गुप्त खूण असते. बत्तीस अक्षरांची. ती तुम्ही दुकानात भरलीत ना? ती चुकली असेल. तुमच्या तांत्रिक माणसाला फोन द्या, मी समजावते."

"तांत्रिक माणूस बोलतोय," काकू म्हणाल्या.

"बरं. मग खूण एकदा ताडून बघा."

काकूंनी ताडून बघितली. कंपनीच्या पानावरचे एकेक अक्षर वाचले, आपण उतरवून ठेवलेल्या कागदाशी जुळवले. एकही चूक नव्हती. पुन्हा वाचले, शेवटाकडून वाचले. बरोबरच होते. गुरुवार उजाडला. जेवणे आटोपली तरी दुकान वाट पाहतच होते.

"अगं, कळव त्यांना," काका दारातून हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या गुरुवारी घ्या म्हणावं. नऊ दिवसांत तू जे केलंस ते कोणी केलं नसतं. एका हाताने टाळी वाजत नाही, तुला तरी कोण होतं जोडीला?"

काकू पडद्याकडे बघत होत्या. ज्या चौकटीत खूण भरली होती, तिथे अक्षरे दिसत नव्हती. कोणी चोरून वाचू नये म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एक ठिपका. ठिपक्यांची नुसती रांग.

त्यांनी पेन्सिलीचे टोक पडद्यावर टेकवले आणि ठिपके मोजायला सुरुवात केली. पाच, दहा, वीस. तीस. एकतीस, बत्तीस.

तेहेतीस.

पुन्हा मोजले. तेहेतीस.

"अहो!" काकू खुर्चीतून जवळजवळ उभ्याच राहिल्या. "एक जास्त आहे!"

"काय जास्त आहे?"

"मोकळी जागा! शेवटी एक मोकळी जागा चिकटून आलीय. आयुष्यभर मी सगळं बोटांनी टाइप केलं, आणि ही एक खूण तेवढी घाईत कंपनीच्या पानावरून उचलून चिकटवली. डोळ्यांना ती दिसत नाही. पण मोकळी जागा म्हणजेही एक अक्षरच असतं हो. टायपिंगच्या परीक्षेत आमचे ठोके मोजताना ती पण मोजायचे!"

त्यांनी चौकट रिकामी केली. पाठ ताठ केली, मनगटे उचलली, आणि बत्तीस अक्षरे टाइप केली. टकटक टकटक. मागे उभ्या असलेल्या काकांना वाटले, कचेरीची खिडकी उघडली.

ठिपके बत्तीस. तिसरा गुंडीचा आकडा विकत घेतला. फोन म्हणाला, पैसे गेले.

दुकान म्हणाले, पैसे मिळाले. आभारी आहोत.

घड्याळात तीनला दहा मिनिटे कमी होती.

तीन वाजून चार मिनिटांनी संगणकाने पहिली घंटी दिली. बरणीचा चिमटा, एक. लगेच दुसरी घंटी. मग पुस्तकाची चौकट. मग कांद्याची फळी, त्यापाठोपाठ अजून एक फळी. काकू नावे वाचून दाखवत होत्या, काका भिंतीला टेकून ऐकत होते. सात झाल्या. नऊ झाल्या. दहावीनंतर बराच वेळ शांतता पसरली, आणि काका म्हणाले, "एक राहिलं वाटतं." तेवढ्यात घंटी वाजली. अकरावी खरेदी होती, आणि तिच्यात चार फळ्या होत्या.

मागोमाग फोन आला. पलीकडे नुसता गलका. हसणे, खुर्च्या सरकवण्याचे आवाज, आणि टेबलावर एकेका हाताने मारलेल्या थापा.

"ऐकताय ना काकू?" भूगोलाच्या बाई ओरडून सांगत होत्या. "टाळ्या आहेत ह्या! आम्ही अशाच वाजवतो. आमचे एक आजोबा आहेत, गप्प गप्प असतात, त्यांनी चार फळ्या घेतल्या. म्हटलं, चार कशाला? तर म्हणे, घ्यायला मजा आली!"

काकूंनी फोन काकांच्या कानाला लावला. काका थापा ऐकत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि भिंतीवर दोनदा मारला. खणखणीत.

शुक्रवारी यंत्राचे गिऱ्हाईक आले तेव्हा दारातूनच त्यांना रंध्याचा घरघराट ऐकू आला. काका भुशाने माखलेले. "माफ करा," ते म्हणाले, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. यंत्र कामात आहे." आणि वर हसून विचारले, "फळी हवी असेल तर सांगा. सोमवारपर्यंत मिळेल."

भूगोलाच्या बाईंची फळी सर्वांत आधी तयार झाली. काकांनी ती दोनदा घासली, खिळ्यांची टोके बोटाने तपासली आणि खोक्यात ठेवली. खोके पोटाने टेबलाच्या कडेला दाबून धरले, चिकटपट्टीचे टोक दातांत पकडले आणि पट्टी ओढायला लागले. ती एकदा वाकडी गेली, त्यांनी सोडवली. दुसऱ्यांदा स्वतःलाच चिकटली.

काकू समोरच बसल्या होत्या, पत्त्याची चिठ्ठी हातात घेऊन. त्या उठल्या नाहीत. पट्टी तिसऱ्यांदा सरळ बसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.