दोन्ही पाय ब्रेकवर

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, तरी गाडी जागची हलली नाही. स्टिअरिंगवर दातांचे एक डॉक्टर बसले होते. पन्नाशी उलटल्यावर ते गाडी शिकायला आले होते, आणि शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मी सांगितल्याशिवाय क्लच सोडायचा नाही." आज मास्तरीण शेजारी बसून काहीच सांगत नव्हती. म्हणून डॉक्टर क्लच दाबून बसले होते. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडला आणि बाजूनं निघून गेल्या.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. मास्तरिणीचे दोन्ही पाय एकट्या ब्रेकवर रोवलेले होते. नजर समोर. डॉक्टरांनी हाक मारली, खांदा हलवून पाहिला, आणि मग घाबरून खाली उतरून गाडीवर रंगवलेला नंबर लावला. फोन मास्तरिणीच्या मांडीवरच्या पर्समध्ये वाजला. मागच्या काचेवर एका चष्म्याच्या दुकानाची जाहिरात होती. दुकान तिच्या नवऱ्याचं होतं. तिथे फोन लागला.

"मी दातांचा डॉक्टर बोलतोय," ते म्हणाले. "तुमच्या मिसेस तोंड उघडत नाहीयेत."

"चष्म्याचं दुकान आहे हो हे," चष्मेवाला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तो पुन्हा करावा लागला.

मास्तरीण म्हणजे मोठं प्रस्थ. तिचा आवाज असा, की काचा बंद असल्या तरी शेजारच्या गाडीतली माणसं आपला ब्रेक दाबत. गेल्या काही महिन्यांत मात्र तो आवाज खाली आला होता. शिकणाऱ्यांना ते आवडलं. बाई आता निवळल्या, असं ते एकमेकांना सांगत. घरी ती पहाटेपासून जागी असे, ताटात चिवडत बसे, आणि काही विचारलं तर "काही नाही" म्हणे. नेहमीच्या डॉक्टरांनी उदासपणावर गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते म्हणून तिनं त्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. चष्मेवाल्यानं विचारलंही नाही. बायको शांत झाली यात तक्रार करण्यासारखं काय आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

त्या दिवशी तिला उचलूनच घरी आणावं लागलं. खुर्चीत बसवली तशी ती बसून राहिली. तिची नणंद, म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. ती बॅग भरूनच आली आणि तिनं दारातूनच निदान केलं.

"रुसलीय. तू काहीतरी केलं असशील. माफी माग."

चष्मेवाला खुर्चीसमोर उभा राहिला. वाढदिवस विसरल्याबद्दल त्यानं माफी मागितली. तिच्या भावाला कंजूष म्हटल्याबद्दल मागितली. मग जरा थांबून, तिची जुनी स्कूटर चोरीला गेली नव्हती, आपणच विकली होती, याबद्दल मागितली. ही तिसरी गोष्ट तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हती. नणंदेनं चमकून भावाकडे पाहिलं. मास्तरिणीनं पापणीसुद्धा हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी घशाखाली उतरेना, तेव्हा तिला हॉस्पिटलात नेलं. मनोविकाराच्या डॉक्टर वयानं लहान होत्या आणि त्यांना सडकून सर्दी झाली होती. एका हातात रुमाल धरूनच त्यांनी मास्तरिणीला तपासलं. रक्त पाठवलं, डोक्याचा स्कॅन करून आणला, त्यात काही सापडलं नाही. मग त्यांनी तिचा हात मनगटाला धरून वर उचलला आणि सोडून दिला. हात वरच राहिला, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा.

"हं, सांग," नणंदेच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"याला कॅटाटोनिया म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "नैराश्य फार वाढलं की कधीकधी सगळं शरीर असं थिजून जातं. हे नाटक नाही."

"नाटक मी म्हटलंच नव्हतं," नणंद म्हणाली. "रुसवा म्हटलं होतं."

"तेही नाही."

डॉक्टरांनी शिरेतून एक इंजेक्शन दिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळे भिंतीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं हात हळूहळू खाली आला. मास्तरिणीनं ओठ ओले केले.

"पाणी," ती म्हणाली. पेलाभर पाणी पिऊन झाल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "स्कूटर विकलीत?"

चष्मेवाल्याला रडू फुटलं. तो रडत रडत "हो" म्हणाला.

"म्हणजे तुला सगळं ऐकू येत होतं?" नणंदेनं विचारलं.

"येत होतं, वन्सं. पाय उचलायचा तर आधी ठरवावं लागतं ना. ते ठरवायला सुरुवात कुठून करतात, तेच सापडत नव्हतं."

डॉक्टरांनी विचारलं, "त्याच्या आधी मनात काय चाललं होतं?"

मास्तरीण बराच वेळ बोलली नाही. ती पुन्हा गेली की काय, असं सगळ्यांना वाटलं. पण ती शब्द जुळवत होती.

"इतकी वर्षं मी माणसं शिकवून रस्त्यावर सोडतेय," ती म्हणाली. "एकेकानं किती जणांना चिरडलं असेल. तो हिशेब माझ्या नावावर आहे. अजून एक सोडायचा नाही, म्हणून ब्रेक दाबला."

"काहीतरीच काय!" चष्मेवाला म्हणाला. "कुणीही कुणाला चिरडलेलं नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टर वाद घालायला गेल्या नाहीत, रुमालात शिंकल्या. दुपार कलेपर्यंत मास्तरीण पुन्हा थिजली.

इंजेक्शनं चालू राहिली, पण प्रत्येक खेपेला ती कमी वेळ बोले. नाकातून नळी घालून खायला द्यायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला आणि नणंदेला खोलीत बोलावलं आणि विजेच्या उपचाराबद्दल सांगितलं.

"शॉक?" नणंद उठून उभी राहिली. "तिनं काय गुन्हा केलाय?"

"शिक्षा नाही ही, उपचार आहे. भूल देऊन करतो. स्नायू सैल करण्याचं औषध देतो. मेंदूला अगदी थोडा वेळ करंट, त्यानं एक फीट येते, ती आपोआप थांबते. त्या झोपलेल्याच असतात. अशा आजारात एवढ्या लवकर गुण येणारं दुसरं काही माझ्याकडे नाही."

"आणि तोटा?"

"काही आठवणी जातात. आजाराच्या आसपासच्या जास्त. बऱ्याचशा परत येतात, सगळ्या नाही."

नणंद म्हणाली, नको. चष्मेवाला म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. हे त्यानं दोघींकडे पाहून म्हटलं, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

"आपण त्यांनाच विचारू," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळच्या इंजेक्शननंतर थोडा वेळ मिळेल."

सकाळी ते तिघं पलंगाभोवती जमले. मास्तरीण बोलती झाली तशी नणंद आधी वाकली. "मला ओळखलंस का गं?"

"वन्सं, वेळ कमी आहे," मास्तरीण म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं, तोट्यासकट. मास्तरिणीनं दोनच प्रश्न विचारले. नंतर गाडी चालवता येईल का? बरं होऊन काही महिने गेले की येईल, आधी नाही. आणि केलं नाही तर? तर वाट बघावी लागेल, आणि तुमचं शरीर तेवढी वाट बघेल असं वाटत नाही.

"मग करा," ती म्हणाली. "इथं आत फार वाईट आहे." तेवढं बोलून तिनं नवऱ्याचा हात धरला. तो हात तासाभरानं परिचारिकेला बोटं एकेक करून सोडवावा लागला.

पहिल्या दिवशी नणंदेनं हट्टच धरला, मी आत येणार. डॉक्टरांनी येऊ दिलं. भुलेचे डॉक्टर, दातांमध्ये ठेवायचा रबराचा तुकडा, डोक्याला दोन चकत्या. कुणी ओरडलं नाही, काही उडालं नाही. मास्तरिणीच्या पायाची बोटं थोडा वेळ थरथरली आणि थांबली.

"झालं?" नणंदेनं विचारलं.

"झालं."

"एवढंच?" ती म्हणाली. तिची चक्क निराशा झाली होती. बाहेर येऊन ती बाकावर बसली, ती चहा पाजल्याशिवाय उठली नाही.

एक दिवसाआड उपचार चालले. सुरुवातीला काही फरक दिसला नाही. मग ती स्वतःच्या हातानं जेवली. मग एके सकाळी तिला स्ट्रेचरवरून परत आणताना वळणावर चाक भिंतीला घासलं, आणि पांघरुणाखालून आवाज आला, "वळायच्या आधी बघायचं! नंतर बघून काय उपयोग?" स्ट्रेचर ढकलणारा जागीच थांबला. पुढच्या खोलीतल्या दोघा रुग्णांनी दारातून डोकं बाहेर काढलं. चष्मेवाला मागून चालत होता. त्यानं त्या माणसाची माफी मागितली. एवढ्या आनंदानं माफी त्यानं आयुष्यात मागितली नव्हती.

ती घरी आली. नवीन गोळ्या सुरू झाल्या. त्यांतल्या एकीसाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागे, आणि त्या गोळीनं हाताला बारीक कंप सुटे. आठवणीही गेल्या. आजारी पडायच्या जरा आधी दोघं समुद्रावर फिरायला गेले होते, ते तिच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. चष्मेवाल्यानं फोटो दाखवले. ती दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तशी ऐकत राहिली.

"मजा आली होती का?"

"तू किनाऱ्यावर नुसती बसून होतीस. मला वाटलं, दमलीस."

"मग गेलं ते बरं झालं," ती म्हणाली. पण फोटो तिनं लगेच परत दिला नाही.

चिरडलेल्या माणसांचा विचार मात्र पुरता गेला नव्हता. आधी त्याबद्दल तिची खात्री होती, आता शंका उरली होती. दर आठवड्याला ती एका मानसोपचारतज्ज्ञाकडे बोलायला जाई. त्यानंही तिची समजूत घातली नाही. तो म्हणाला, "तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारू या का?"

फोन करायला तिला धीर यायला दिवस लागले. मग तिनं एकेकाला विचारायला सुरुवात केली आणि जे कळलं, त्याची तिनं कल्पनाही केली नव्हती. बहुतेक जण गाडी चालवतच नव्हते. एकीचं लायसन्स कपाटात पडून होतं. एकानं ड्रायव्हर ठेवला होता. दातांच्या डॉक्टरांनी सायकल घेतली होती. तिनं रस्त्यावर सोडलेली माणसं घरी बसली होती. ती चार दिवस संतापून होती.

"इतकं घसा फोडून शिकवलं, ते यासाठी?" तिनं तज्ज्ञाला विचारलं. त्यानं मान डोलावली.

एकाच्या हातून अपघात झाला होता. एका अनोळखी सायकलवाल्याला धक्का लागून त्याचा पाय मोडला होता, आता बरा होता. त्या रात्री तिला झोप आली नाही. पण सकाळी ती उठली, तोंड धुतलं, आणि पुढचा नंबर लावला.

डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली तेव्हा नणंद अजून त्यांच्याच घरी होती. जायची तारीख ती सारखी पुढे ढकलत होती. मास्तरिणीनं किल्ली घेतली, तशी तीही चपला घालून उभी राहिली.

"कुठं निघालात, वन्सं?"

"मला शिकव."

"या वयात?"

"तुला कुणीतरी हवंय ना शिकवायला? आणि मी घरी बसणाऱ्यातली नाही."

मोकळ्या मैदानावर गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा ती उसळून कुंपणाकडे निघाली. मास्तरिणीनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी थांबवली आणि पाय काढून घेतला. मग ती ओरडली. असं ओरडली, की पलीकडे खेळणाऱ्यांनी चेंडू टाकायचा थांबवला. मुख्याध्यापिकाबाईंवर उभ्या आयुष्यात कुणी आवाज चढवला नव्हता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी पदर नीट केला, आरसा नीट केला, आणि हलक्या आवाजात विचारलं, "परत पहिल्यापासून करू का, मॅडम?"