सामाईक भिंत

भिंतीपलीकडे चमचा कपाला लागून किणकिणला. रविवारची दुपार होती, खालचा रस्ताही गप्प होता.

"मिसेस कोझेलनी साखर घातली," विनी म्हणाली. जमिनीवर पालथी पडून ती घोडा रंगवत होती. "आता त्या खोकतील."

त्या खोकल्या. विनी खुदकन हसली.

मला हसू आलं नाही. माझ्या मांडीवर पिस्तुलाच्या गोळ्यांची नवी डबी होती.

टोलेडो शहरातल्या आमच्या या इमारतीत खालच्या मजल्यावरचं एक दार भरदिवसा कुणीतरी लाथेनं फोडलं. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की माझा जीव आधी विनीच्या खोलीकडे धावायचा. माझ्या भावानं, ड्वेननं, त्याचं जुनं पिस्तूल आणून दिलं. सोबत सरावाच्या गोळ्या. "या मात्र घरात वापरू नकोस," तो म्हणाला, "तुमच्या भिंती म्हणजे बिस्किटं. पार पलीकडे जातील."

म्हणून काल बंदुकांच्या दुकानात गेले होते. काउंटरवर वर्न नावाचा म्हातारा होता.

"माणसाला थांबवेल आणि भिंतीत अडकेल, अशी गोळी द्या," मी म्हटलं.

"अशी मिळाली तर मलाही कळव." त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ पोरी, ही टोकाला खळगी असलेली. अंगात शिरली की फुलते आणि थांबते. पण खळगीत आधी भिंतीचा चुरा भरला, तर फुलायचं विसरते. ही दुसरी हलकी, ठिसूळ. भिंतींमध्ये लवकर दमते, पण मग माणसालाही कमीच लागते."

"सगळ्यात कमी जाणारी कुठली?"

"तुझी भिंत सगळ्याच ओलांडतात. फरक पुढच्या भिंतीत पडतो. गोळीचं राहू दे, भिंतीमागे कोण झोपतं ते आधी बघून ये."

मी ठिसूळ गोळ्या घेतल्या. पण त्याचा प्रश्न सोबत घरी आला. मिसेस कोझेल साखर कधी घालतात, पाय कधी शेकतात, कुठल्या गाण्यावर गुणगुणतात, मला सगळं ठाऊक होतं. त्या कुठे झोपतात, ते नव्हतं.

डबी पिस्तुलाच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं, विनीला दार उघडं ठेवायला सांगितलं आणि शेजारी गेले.

"पलंग?" मिसेस कोझेल म्हणाल्या. "बाई गं, माझ्या पलंगाची चौकशी करत कुणी आल्याला जमाना झाला."

मी कारण सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. त्या मला झोपायच्या खोलीत घेऊन गेल्या. पलंग आमच्या भिंतीपासून लांब, पार त्या टोकाला, खिडकीशी होता. मी सुटल्यासारखा श्वास टाकला.

मग त्यांनी उशाजवळचा खण ओढला. हातरुमालांवर एक रिव्हॉल्वर होतं.

"आमच्या ह्यांचं, स्टॅनचं. त्या दिवशी खालचं दार फुटलं ना, माझे कान गेलेत, पण ती लाथ मला गादीत कळली. तेव्हापासून भरून ठेवलंय."

"गोळ्या कसल्या आहेत?"

"गोळ्या असतात तसल्या. स्टॅननंच आणलेल्या."

"मी माझ्यातल्या देते."

"याचं माप वेगळं, त्या बसायच्या नाहीत." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि हनुवटीनं दार दाखवलं. "कुणी आलाच, तर तिथूनच येणार ना?"

मी दाराकडे पाहिलं. दारामागे बोळ, बोळामागे पिवळ्या फुलांचा कागद लावलेली भिंत. आमची.

"तुझी पोर कुठे झोपते?" त्यांनी विचारलं.

मी बोळात गेले, गुडघ्यांवर बसले आणि त्या फुलांवर तळवा टेकवला. विनीची उशी तिथेच असते.

मिसेस कोझेलनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"मला वाटायचं, तिथे तुमचं कपाट असेल," त्या हळूच म्हणाल्या. "पलंग मी फिरवला असता गं. पण त्या बाजूनं नेम धरला तर भिंतीपलीकडे ते बाळवाले राहतात." त्यांनी खण आत ढकलला. "टाकून दे म्हणू नकोस. मी एकटी आहे."

मी म्हटलं नाही. माझ्या घरातही पेटी होतीच.

घरी येऊन मी विनीची चादर काढली आणि पलंग ओढायला लागले. खिडकीखाली हीटर होता, म्हणून समोरच्या भिंतीशी नेला. विनीनं उशी उचलून मदत केली. घोड्याचं चित्र नव्या जागी चिकटवलं. तिला ही गंमत वाटत होती.

रात्री आडवी झाल्यावर तिनं भिंतीला कान लावला. बोटानं टकटक केलं, पुन्हा ऐकलं. मी तिचे मोजे काढत होते.

"आई," ती म्हणाली, "या भिंतीमागे कोण झोपतं?"