सतरा नंबरची ढेप

चष्मेवाल्याने अकरावी काच कुंडलिकच्या नाकावर बसवली आणि समोरच्या पाटीकडे बोट केले. कुंडलिकने मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे, आणि पाटी नेमकी कुठे टांगली आहे असे विचारले. चष्मेवाल्याने काच काढून फडक्यात गुंडाळली.

"बाबा, या डोळ्यांचा नंबर माझ्याजवळ न्हाय. मोतीबिंदू पिकलाय."

बारामतीच्या बाजारातून बाहेर पडताना प्रयागबाईने नवऱ्याचा हात धरला नाही. ती दोन पावले पुढे चालत राहिली, म्हणजे तिच्या जोडव्यांच्या आवाजामागून त्याला येता यावे आणि लोकांना काही दिसू नये. गेली दोन वर्षे दोघे असेच चालत होते.

नंबर हा साहेबाचा शब्द. पण कॅनॉल आला तसा तोही आला आणि पाटाच्या पाण्यासारखा घरोघर शिरला. पाण्याची पाळी म्हणजे नंबर. सरकारी दप्तरात शेताला जे नाव असते तेही नंबर. लासुर्ण्याच्या जोतीरामरावांच्या चौऱ्याण्णव नंबरात यंदा माणूस दिसेनासा होईल एवढा ऊस उभा होता. प्रयागबाईला अक्षरओळख नव्हती, तरी या शब्दाचे सगळे उपयोग तिला पाठ होते. चष्म्याचा तेवढा राहिला होता. तो आज कळला आणि कामाचा निघाला नाही.

कुंडलिक जोतीरामरावांच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला रस कधी पाक झाला आणि काहील जाळावरून कधी उतरवायची, हे सांगणारा माणूस. त्याने हाक दिली की चार गडी काहील ओढून पाक थंड करायच्या वाफ्यात ओततात. हाक पळभर आधी गेली तर गूळ धरत नाही, उशिरा गेली तर काळा पडतो. गुळव्या पाकाचा रंग बघतो आणि कुंडलिकला आता रंग दिसत नव्हता. मागच्या हंगामात त्याची दोन आदणे, दोन काहिलींचा अख्खा पाक, करपली.

तेव्हापासून हाक त्याची आणि वेळ प्रयागबाईची असे ठरले. ती खाली चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडे टाकायची. पंधरा वर्षे तेच केले होते. वरचा पाक कसा उकळतो हे ती खालून कानाने ओळखायची. आधी नुसता सळसळाट, मग फसफस, आणि शेवटी जड, तुटक बुडबुडे फुटू लागले की ती जाळ सारायच्या दांड्याने दगडावर एक ठोका द्यायची. वर कुंडलिक पाकाकडे डोळे बारीक करून बघत असायचा. ठोका ऐकला की तो रुबाबात ओरडायचा, "उतरवा." गडी म्हणत, म्हाताऱ्याची नजर अजून तिखट आहे. ते ऐकून प्रयागबाई चुलवाणात तोंड घालून हसायची, आणि कधीकधी तिला हसू यायचे नाही.

जोतीरामराव मात्र करपलेली आदणे विसरले नव्हते. बारामतीला शेतकी प्रदर्शन भरणार होते आणि तिथे गूळ करून दाखवण्याची चढाओढ होती. त्यांनी स्पष्टच सांगितले, की पहिला नंबर आला तर गुऱ्हाळ तुमचे, नाही तर शेळगावचा म्हस्कू गुळव्या यायला तयार आहे. म्हस्कू आला की आपला जाळवालाही घेऊन येणार. दोघांचीही चूल एकदमच विझणार होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी जोतीरामराव बैल बांधत होते तेव्हा कुंडलिक कारकुनाच्या टेबलाशी गेला आणि त्याने चिठ्ठीवर काहीतरी लिहवून घेतले. कारकुनाने चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवली, पाकिटावर सतरा आकडा घातला आणि तोच आकडा असलेला पत्र्याचा बिल्ला कुंडलिकच्या हातात दिला. ढेपेला फक्त नंबर लावायचा, नाव पाकिटात. परीक्षकांना गूळ कुणाचा ते कळू नये म्हणून ही युक्ती.

मग प्रयागबाईने चूल पाहिली. चूल नव्या तऱ्हेची होती. जाळाचे तोंड भिंतीपलीकडे, काहिलीपासून वीसेक हात लांब. वर मांडवात बँड वाजत होता. तिने कुंडलिकला हळूच सांगितले, की ठोका ऐकू येणार नाही.

"बघू," तो म्हणाला, आणि काहिलीकडे निघून गेला.

तिला त्याचा राग आला. तरी तिने जाळ धरला. भिंतीला कान लावला, वाऱ्यावर येणारा पाकाचा वास ओळखला, जीव मुठीत धरून वाट पाहिली. बुडबुडे जड झाले. तिने ठोका दिला. वरून हाक आली नाही. तिने दुसरा दिला, दगडाची कपची उडाली. हाक नाही. पाक आता पळभरही थांबणार नव्हता. तिसरा ठोका देऊन तिने दांडा टाकला, पदर खोचला आणि भिंतीला वळसा घालून धावत सुटली.

काहिलीभोवती पन्नास-साठ माणसे होती, शिवाय परीक्षक साहेब. कुंडलिक काठाशी शांत उभा होता. प्रयागबाईने कुणाकडे पाहिले नाही. ढवळायच्या फावड्यावरचा पाक गार पाण्याच्या घमेल्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि घमेल्याच्या काठावर मारली. गोळी खणकन वाजली.

"उतरवा."

गडी तिच्याकडे बघत राहिले, मग कुंडलिककडे.

"ऐकलं न्हाय का?" कुंडलिक म्हणाला. "गुळव्यानं हाक दिली."

गड्यांनी काहील ओढली.

दुपारी बिल्ला लावलेल्या वीस ढेपा टेबलावर मांडल्या होत्या. साहेबांनी प्रत्येकीचा टवका काढला, उजेडात धरला, चाखला. सतरा नंबरच्या ढेपेपाशी ते परत आले, पुन्हा चाखून गेले आणि तिसऱ्यांदा आले. त्यांनी पहिला नंबर त्याच ढेपेला दिला आणि दुसऱ्या एका कारकुनाने पाकीट फोडले. गूळ जोतीरामरावांचा, मुक्काम लासुर्णे, असे वाचून तो अडखळला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि मोठ्याने म्हणाला, "गुळव्या, प्रयागबाई कुंडलिक."

मांडवात कुजबुज झाली. बाई कशी गुळव्या असेल, असे कुणीतरी म्हणाले. साहेबांनी जोतीरामरावांकडे पाहिले. त्यांनी पटका सावरला, समोरच्या ढेपेकडे एकदा बघितले आणि म्हणाले, "व्हय, आमच्याच गुऱ्हाळाची हाय ती. हितं समद्यांनी बघितलंय." मागून चढाओढीत उतरलेल्या म्हस्कू गुळव्याने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. प्रयागबाई काजळी भरल्या हातांनी पुढे गेली. तिने पदक घेतले, कपाळाला लावले, आणि तिला इतका आनंद झाला की तोंड कुठे लपवावे ते कळेना.

परत जाताना बैलगाडी जळोची गावाच्या पुढे आली तरी ती पदक मुठीत घट्ट धरून होती. मग एकाएकी तिची मूठ सैल झाली.

"आवं, पाकीट तर सकाळीच चिकटवलं व्हतं."

कुंडलिकने अंगावरचे घोंगडे सारखे केले.

"ठोका ऐकू आला न्हाय तुमास्नी?"

"आला की. पयलाच आला."

"आन् पाक जळाला असता मंजी?"

"तू जळू दिला नसतास," तो म्हणाला, आणि गाडीच्या साटीला डोके टेकून त्याने डोळे मिटले.

तिने त्याला भरपूर बोलून घेतले. लासुर्ण्याचे दिवे दिसेपर्यंत बोलत होती, आणि मधूनच पदराने डोळे पुसत होती.

तिसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव नंबरातला ऊस गाळायला घेतला. काहिलीपाशी प्रयागबाई उभी राहिली, आणि कुंडलिक आपणहून खाली चुलवाणाशी जाऊन बसला. जाळाला डोळे लागत नाहीत, धग कळली की झाले. रस नुकता कुठे सळसळू लागला होता, तेवढ्यात खालून दांड्याचा एक ठोका आला. ठोक्याचा अर्थ आता गड्यांनाही कळला होता, ते दचकून काहिलीकडे धावले.

प्रयागबाईने मळी काढता काढता वरही पाहिले नाही.

"थांबा रं," ती म्हणाली. "त्यास्नी काय कळतंय."

खालून हसण्याचा आवाज आला.