हाजिर जामीन

जामीन म्हणजे काय, हे मुकुंदरावांना कुणी शिकवायला नको होतं. हैदराबादेत कोठी भागातल्या एका वकिलाकडे बावीस वर्षं त्यांनी असलेच कागद लिहिले होते. माल जामिनाचं घरदार जातं. फेल जामीन दुसऱ्याच्या वागणुकीची हमी घेऊन डोक्याला ताप करून घेतो. आणि हाजिर जामीन? आपला माणूस तारखेला आला नाही, तर त्याच्या जागी आपण आत! एवढं पाठ असूनही पोलीस ॲक्शननंतर त्यांनी वहीदमियाँसाठी सही ठोकली होती. वहीदमियाँ त्याच कचेरीतले जोडीदार. पुतण्या रझाकारांत गेला, म्हणून काकांवर संशय. दर सोमवारी दहाला चौकीत हजेरी होती.

त्या सोमवारी मुकुंदराव नेहमीसारखे त्यांना घ्यायला अंबरपेठेत गेले, तर दाराला कुलूप.

"अंधेरेमेंच निकल गए जी," शेजारीण म्हणाली. "बगल में गठडी थी."

गठडी! मुंबई गाठून कराचीला गेलेल्यांच्या गोष्टी रोज कानावर येत होत्या. आपल्याला आत टाकलं, तर नल्लकुंट्याच्या घरी बायको, इंदुताई, एकटी. मुकुंदराव माणूस भला होता हो, पण भित्रा. चौकीची पायरी चढेपर्यंत सगळा भलेपणा गळून गेला.

"साहेब, मी जामीन काढून घेतो!" ते दारातूनच ओरडले. "तो पळाला. पुतण्या तसा, काकाही तसलाच. माझा काही संबंध नाही."

नव्याने बदलून आलेल्या इन्स्पेक्टरला खरंखोटं करण्यात रस नव्हता; त्याने कागद पुढे सरकवला. "लिखकर दीजिए."

अक्षर सवयीने सुरेख आलं. त्यांनी सही केली. इन्स्पेक्टरने कागद फाइलला लावला आणि मागच्या ओसरीकडे पाहून हाक दिली, "वहीद को अंदर डालो. जामिन नहीं रहा."

ओसरीच्या उघड्या दाराशी वहीदमियाँ पहाटेपासून बसले होते. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता.

"रस्ते में फौजी रोक रहे बोलके सुना," ते हळू म्हणाले. "मेरे को देर हुई तो तुमकू बिठा लेते ना, मुकुंदराव. इसलिए सवेरेच आ गया."

गठडी त्यांनी टेबलावर ठेवली. तीत दोघांपुरत्या रोट्या होत्या.

"साहेब, तो कागद..." मुकुंदराव पुटपुटले. पण हवालदाराने कोठडीला कुलूप लावलंही होतं.

घरी इंदुताई दारातच उभ्या होत्या. "वहीदमियाँ आले होते ना हो वेळेवर?"

"आले होते," मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांना तिच्याकडे बघवेना.