हळू बोलणारा जनरेटर

मी सिग्नल जनरेटर बोलतोय. अहो, नाही, करंट गेल्यावर लावतात तो नव्हे! तो वेगळा. तो डिझेल पितो, धूर सोडतो आणि अख्ख्या गल्लीला ऐकवतो. आमचं घराणं निराळं. पण आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या तानूबाईला हे पटवून देता देता सगळे थकले. दिवे गेले की ती आजही माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "एवढा थोरला जनरेटर घरात ठेवलाय, लावा की ओ! का नुसता पुजायला आणलाय?"

माझं काम सांगतो. रेडिओ, वायरलेस अशी हवेतली हाक ऐकणारी यंत्रं असतात ना, त्यांचे कान तपासायचे. मी खोटी हाक मारतो, यंत्राला ती ऐकू आली की नाही ते माणसं बघतात. मग मी आणखी हळू हाक मारतो. मग त्याहून हळू. आमच्या धंद्यात ओरडणं कुणालाही जमतं, खरा कस लागतो तो कुजबुजण्यात. आणि कुजबुजण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बेंगळुरात नव्हता. हे मी नाही, विद्याधरकाका म्हणायचे. बरं, मीही म्हणायचो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. जहाजातून आलो आणि इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत रुजू झालो. सांगलीचे विद्याधरकाका तेव्हा तिथं नवेच लागले होते. त्यांच्या आणि माझ्या नोकरीला बरोबरच सुरुवात झाली आणि दोघांना निरोपही एकाच महिन्यात मिळाला. त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं, मला भंगाराच्या यादीत नंबर मिळाला. काकांना ते बघवेना. लिलावात त्यांनी मला सोडवलं आणि रिक्षात शेजारी बसवून मल्लेश्वरमच्या घरी आणलं.

दारात प्रतिमाकाकू उभ्या होत्या. "हे धूड आता घरात?" एवढंच म्हणाल्या. पुढे आठवडाभर त्या काकांशी फक्त तानूबाईमार्फत बोलत होत्या.

काका रोज मला चारपाच तास चालू ठेवायचे. यंत्राला सवय राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. काकूंची कुरकुर एकच, "किती वाजतं हो हे!" मला मोठं हसू यायचं. मी वाजतो? अहो, मी! ज्यानं उभा जन्म कुजबुजण्यात घालवला तो? जाऊ दे म्हटलं, बाईमाणसाला काय कळतंय यातलं. (हे वाक्य मी पुढे गिळलं. ते सांगतोच.)

मग डिसेंबर आला. इथल्या थंडीत दही म्हणून लागत नाही. एकदा काकूंनी सहज विरजणाचं पातेलं माझ्या डोक्यावर ठेवलं. माझं डोकं चालू असताना छान कोमट होतं. दही असं लागलं की सुरीनं कापावं! त्या दिवसापासून माझं 'धूड' हे नाव गेलं आणि माझ्या अंगावर क्रोशाचा रुमाल आला.

अशी अकरा वर्षं गेली. मग काकांनी खालची खोली महानंदाला भाड्यानं दिली.

महानंदा निपाणीची. तिकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असं बोलतात, तशीच तीही बोलते. पोरगी हुशार, हाताला चव असावी तसा तिच्या हाताला सोल्डरिंगचा गुण. तिच्याबरोबर पुण्याचा हर्ष, तिचा भागीदार. दोघं मिळून एक बटण बनवत होती. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसानं ते गळ्यात घालायचं, कुठं पडलंझडलं तर दाबायचं, की दुसरीकडे ठेवलेल्या खोक्याची घंटा वाजते आणि कुणीतरी धावत येतं. व्हाइटफील्डला ज्येष्ठांसाठी बांधलेलं एक मोठं गृहसंकुल होतं, त्यांनी बटण दाखवायला बोलावलं होतं. पसंत पडलं तर बेचाळीस घरांत बटणं लागणार होती.

आता त्या खोक्याचे कान तपासायचे म्हणजे सिग्नल जनरेटर हवा. कुठला घ्यावा, हे विचारायला दोघं वर आली आणि माझी छाती फुगली.

"काका, हा नवीन मॉडेल बघा," हर्षनं मोबाइल पुढे केला. "टचस्क्रीन आहे. सहा गिगाहर्ट्झपर्यंत जातो!"

"जाऊ दे की," काका म्हणाले. काका बोलतात ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं. "तुमचं बटण त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतही जात नाही. मार्केटातनं कोथिंबीर आणायला विमान कशाला रे? तो किती लांब जातो, किती मोठ्यानं बोलतो, हे विचारूच नका. हळूत हळू किती बोलतो ते विचारा. आणि त्याची वरची पत्र्याची पेटी घट्ट आहे का बघा. पेटीतनं आवाज झिरपता कामा नये."

महानंदा माझ्याकडे बघत होती. "मग ह्योच घेऊ या की, काका. देता का?"

माझा तर पंखाच जोरात फिरला! पण हर्षनं मला उचलून बघितलं. अठरा किलो. मला खाली ठेवून तो कंबर धरून उभा राहिला. "काका, रिस्पेक्ट आहे, पण व्हाइटफील्डचे लोक लॅब बघायला आले तर त्यांना काय दाखवू? रुमाल घातलेला डबा?"

चार दिवसांनी नवा आला. पांढराशुभ्र, पातळ, एका हातात मावेल एवढा. मला राग आला का? आला! सरळ सांगतो, लपवायचं कशाला? त्या दिवशीचं दही आंबट झालं.

खालून रोज आनंदाच्या आरोळ्या यायला लागल्या. नव्यानं कितीही हळू हाक मारली तरी खोक्याचा हिरवा दिवा लागायचा. "परफेक्ट!" हर्ष ओरडायचा. शनिवारी व्हाइटफील्डला जायचं ठरलं. त्याआधी दोन दिवस घरातच वापरून बघायला म्हणून महानंदानं एक बटण काकूंच्या गळ्यात घातलं.

गुरुवारी सकाळी दहाला काकू अंघोळीला गेल्या आणि बाथरूमची आतली कडी अडकली.

काकूंनी बटण दाबलं. घंटा नाही. पुन्हा दाबलं. नाही. मग त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. खाली बोअरची मोटार चालू होती, तिथं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण काका? काका माझ्याशेजारी, बाथरूमच्या दारापासून दहा पावलांवर पेपर वाचत बसले होते. काकू "अहो! अहो!" करून दार बडवत होत्या आणि काकांनी शांतपणे पान उलटलं. माझा जीव नुसता कासावीस झाला हो. मी पडलो यंत्रांशीच बोलणारा, माणसाशी बोलायला मला तोंड नाही.

तासाभरानं तानूबाई आली. तिनं स्वयंपाकघरातनं वरवंटा आणला आणि दोन दणक्यांत अडकलेली कडी सोडवून दार उघडलं. काकांनी डोकं वर करून विचारलं, "कोण आलंय?"

काकू त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग काही न बोलता, ओल्या केसांनी, तडक खाली गेल्या. मागून काका आणि तानूबाई. दार उघडं होतं, मोटार थांबली होती, त्यामुळे मला वर सगळं ऐकू आलं.

"पंचेचाळीस वेळा दाबलं मी हे. मोजून!"

"काकू, असं होणारच नाही," हर्ष म्हणाला. "लॅबमध्ये हंड्रेड पर्सेंट आहे."

"मग मी लॅबमध्येच अडकायला हवं होतं, नाही का?"

महानंदा रडवेली झाली. "काकू, तुम्ही बऱ्या तर आहात न्हवं? शनिवारी मी जात नाही. बेचाळीस घरं आहेत ओ तिथं. कुणी खरंच पडलं आणि घंटा वाजली नाही तर? मी तोंड कुठं दाखवू?"

"तो नवा चालू कर," काका म्हणाले. "हं. आता वायर काढ. नव्याला आणि खोक्याला जोडणारी वायर काढून टाक."

"काढली."

"दिवा?"

मग महानंदाचा बारीक आवाज आला, "लागलाय की ओ काका. तसाच लागलाय."

बघा! वायर नाही आणि तरी ऐकू येतंय! म्हणजे नवा वायरीतून कुजबुजत होता, पण पेटीतून घरभर बोंबलत होता. खोकं ते बोंबलणंच ऐकत होतं. त्याचे खरे कान चालू आहेत की बंद, ते कुणी तपासलंच नव्हतं.

आणि मग जिन्यावर पावलं वाजली. मला न्यायला आले होते! हर्षनं स्वतः हात घातला.

"स्वल्प थांबा," काकू कानडी मिसळून म्हणाल्या. "दही लागायचंय अजून."

"प्रतिमा!"

"पोरांचा शनिवार आणि माझं दही, दोन्ही महत्त्वाचं आहे," असं म्हणत त्यांनी पातेलं अलगद उतरवलं. रुमालही काढला आणि घडी करून ठेवला. मला खाली नेऊन टेबलावर मांडलं. अर्धा तास मला कुणी हात लावायचा नाही, असं काकांनी बजावलं. जुनं माणूस आहे, अंग तापल्याशिवाय सूर लागत नाही.

मग मी कुजबुजलो. खोकं ढिम्म. थोडं मोठ्यानं बोललो. ढिम्म. आणखी मोठ्यानं, मग आणखी. शेवटी जवळजवळ खेकसलो तेव्हा कुठं दिवा लागला.

"बहिरं आहे ओ हे," महानंदा म्हणाली. तिनं खोकं उघडलं, भिंग लावलं आणि दहा मिनिटांत कपाळावर हात मारून घेतला. अँटेनाजवळचा साबुदाण्याएवढा एक भाग उलटा बसला होता. "माझ्याच हातनं झालंय हे. मी रोज हिरवा दिवा बघून खूश होत होतो."

भाग सुलटा बसला. मी पुन्हा कुजबुजलो. दिवा लागला. आणखी हळू. लागला. इतकं हळू बोललो की माझं मलाच ऐकू येईना, तरी लागला. वायर काढली, दिवा गेला. हर्षनं मला चक्क नमस्कार केला. माझा सगळा राग तिथंच उतरला. पोरगं वाईट नाही.

"आता खरी परीक्षा," काकू म्हणाल्या. "मी पुन्हा आत जाते. पण तानूबाई, तू वरवंटा घेऊन बाहेर उभी राहा."

कडी लागली. आणि खाली घंटा अशी खणखणली की समोरच्या इडलीवाल्यानं डोकावून बघितलं. महानंदा रडत रडत हसत होती.

सगळे वर आले, मलाही वर आणलं. काकू मात्र हसत नव्हत्या. "थांबा," त्या काकांना म्हणाल्या. "आता तुमची टेस्ट."

"माझी? मला काय झालंय? मला सगळं ऐकू येतं."

"तोंड तिकडे करा."

काका वळले. त्यांचं तोंड आता माझ्याकडे होतं. मागून काकू बोलल्या, "चहा घेता?" मग थोडं मोठ्यानं, "चहा घेता?" मग आणखी. काका माझ्याकडे बघत वाट पाहत होते, परीक्षा कधी सुरू होते याची. चौथ्या खेपेला स्वयंपाकघरातनं तानूबाईच ओरडली, "ठेवलंय ओ आधण!" तेव्हा काका चमकून म्हणाले, "काय?"

आणि मग त्यांना कळलं. मी अगदी समोर होतो, मी बघितलं. इतकी वर्षं ते ऐकत नव्हते, ओठ बघत होते. काकूंनी फक्त वायर काढली होती.

"दहा पावलांवर होतो मी," काका म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले. "तू दार बडवत होतीस."

"असू दे हो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

शनिवारी व्हाइटफील्डच्या मॅनेजरबाई स्वतः बाथरूममध्ये गेल्या, घंटा वाजली, बटणं पसंत पडली. सोमवारी काकू काकांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथं कानाला हेडफोन लावून बारीक, मग आणखी बारीक सूर ऐकवतात म्हणे, ऐकू आला की बोट वर करायचं. ऐकवणारं ते यंत्र म्हणजे आमच्याच भाऊबंदांतलं! मला काय अभिमान वाटला, सांगू?

आठवड्यानं काका कानात यंत्र घालून आले, माझ्यासमोर बसले, मला चालू केलं आणि दचकले.

"प्रतिमा! हे कशानं किंचाळतंय?"

"त्याचा पंखा," काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं सांगतेय."

मी! कुजबुजणारा मी! अकरा वर्षं अख्ख्या घराला छळत होतो आणि वर ऐटीत मिरवत होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. काकांनी त्याच दुपारी पंख्याला तेल घातलं. आता मी खरोखरच हळू बोलतो.

सध्या मी सकाळी खाली महानंदाकडे असतो आणि दुपारनंतर वर दह्याखाली. नवाही शेजारी असतो, मोठ्यानं बोलायची कामं तो करतो, आमचं बरं चाललंय. तुमच्यावर कधी आमच्यातला एखादा निवडायची वेळ आली, तर तो किती ओरडतो ते विचारू नका. वायर काढून बघा. आणि आम्हाला अर्धा तास तापू द्या, एवढीच विनंती.

काल संध्याकाळी काकू पाठमोऱ्या ओट्यापाशी उभ्या होत्या. दह्याचं पातेलं उघडून स्वतःशीच पुटपुटल्या, "आज गोड लागलंय."

"मग मला वाटीभर दे की," काका हॉलमधून म्हणाले.

काकूंच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग त्यांनी मोठी वाटी घेतली.