उलटा नकाशा

कोराल बंदराच्या फेरीबोटीवर, इंजिनखोलीत, नोल्बेर्तोकाकांनी तीस वर्षं काढली. डावा कान इंजिनने कधीच खाल्ला होता. उजवाही गेला असता तर त्यांना बोटीवरून उतरवलं असतं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेने तिथे आवाज मारायची यंत्रणा बसवली. काम करणाऱ्या माणसाच्या कानाशी माइक टांगता येत नाही. म्हणून भिंतीलगत चाळीस माइकांची जाळी लावली. ती जे ऐकते त्यावरून संगणक सगळ्या खोलीतल्या आवाजाचा नकाशा काढतो, आणि स्पीकर काकांच्या उजव्या कानापाशी उलटा आवाज सोडून इंजिनाचा आवाज गिळतात. माइकांना नंबर मी दिले होते.

तपासणीला बंदराचे निरीक्षक दारात उभे होते. इंजिन चालू. पडद्यावर उजव्या कानापाशी निळी शांतता दिसत होती, आणि आमचे प्रोफेसर हारोल्दो खुशीत होते.

"कसं वाटतंय, काका?" मी ओरडून विचारलं.

"झकास, पोरी. चर्चमध्ये उभा आहे जणू."

पण त्यांचा जबडा आवळलेला होता. मला राहवेना. त्यांना सरकवून मी त्यांच्या जागी उभी राहिले. उजव्या कानात सुया घुसल्या. डावीकडे चिडीचूप.

तेव्हा उमगलं. मी जाळीच्या समोर उभी राहून डावीकडून नंबर टाकले होते, आणि संगणक मोजतो जाळीच्या मागून. सगळा नकाशा आरशातल्यासारखा उलटा झाला होता. बहिऱ्या कानाला आम्ही शांतता देत होतो आणि चांगल्या कानावर आवाज वाढवत होतो.

मी सरांच्या कानाशी लागून सांगितलं.

"गप्प बस, यास्ना. सही होऊ दे. नापास झालो तर पुढची तपासणी थेट मार्चमध्ये."

सही झाली की यंत्रणेच्या पेटीला शिशाचं सील लागतं, मग वर्षभर कुणी हात लावायचा नाही, हे सरांना काय ठाऊक नव्हतं? निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मी पेटीची वायर उपटली.

"चूक माझी आहे, साहेब. दहा मिनिटांत नीट करते."

"दहा मिनिटांनी बोट सुटते." त्यांनी कागदावर 'नापास' लिहिलं. "आणि यंत्रणा नाही तर हा माणूस उद्यापासून खाली नाही."

काकांनी हातमोजे काढून माझ्या हातात ठेवले.

"मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं," ते म्हणाले. "सोसलं असतं वर्षभर. कान माझा होता ना, पोरी? मला विचारायचं होतंस."

ते शिडी चढून वर निघून गेले.